भावाच्या मेंढीचे दात

रामलिंगला कुणी विचारलं, "भाऊ किती?" तर तो बेधडक चार सांगतो. खरं म्हणजे तो एकुलता एक, पाच बहिणींच्या पाठीवर नवसानं झालेला. पण सव्वीस वर्षांपूर्वी अणदूरला खंडोबापुढं पाच मेंढक्यांनी बेलभंडारा उचलला आणि बेंबळीच्या माळावरचा हा एकटा जीव एका दिवसात चार भावांचा झाला. मल्हारआबा त्यांतले थोरले, आता सत्तरीला टेकलेले. बलभीम रामलिंगच्याच वयाचा, पन्नाशी ओलांडलेला. उरलेले दोघे ईटकडचे, एकमेकांचे चुलतभाऊ, बोलायला कमी आणि मान हलवायला पुढं.

भंडारा उचलणं म्हणजे नुसती चिमूटभर हळद हातात घेणं नव्हे. कोर्टात खोटी साक्ष देऊन घरी येऊन पोटभर जेवणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. बेलभंडारा उचलून खोटं बोललेला आणि मग सुखानं जेवलेला माणूस मात्र त्या माळावर कुणी पाहिलेला नाही. पाचांनी त्या दिवशी कबूल केलं ते इतकंच: एकाच्या कळपावर घाला आला, तर बाकीच्या चौघांनी आपापल्या मेंढ्या द्यायच्या. द्यायची ती अशी, की देताना हात कापल्यागत दुखलं पाहिजे. आणि घेणाऱ्यानं तिचं तोंड उघडून बघायचं नाही.

हे शेवटचं कलम रामलिंगचं फार लाडकं. बाजारात मेंढी घेताना माणूस आधी जबडा उघडतो, दात मोजतो, पापणी ओढून डोळा बघतो. भावाच्या मेंढीला असं करणं म्हणजे भर चार माणसांत भावाच्या थोबाडीत मारणं. "धर्माची गाय अन् दात का न्हाय, असं जग म्हणतंय," रामलिंग सांगायचा, "ते फुकटात मिळतंय म्हणून. आमचं तसं न्हाय. भाऊ वंगाळ दीलच कसा, मग बघायचं काय?" लग्नात, जत्रेत, एसटीच्या थांब्यावर, जो सापडेल त्याला तो हे ऐकवायचा. त्याची बायको हरणाबाई हे ऐकून ऐकून इतकी कंटाळली होती, की तो 'आमचं तसं' म्हणाला की ती उठून भाकरी थापायला जायची.

बोलण्याला आधारही होता. नऊ वर्षांपूर्वी ईटच्या बाजूला चारणीला गेलेला असताना लांडग्यांनी रामलिंगच्या अठरा मेंढ्या फाडल्या. तेव्हा बलभीमनं त्याला काय दिलं? आपल्या कळपाची पुढची मेंढी. जिच्या मागं सगळा कळप चालतो ती. देऊन झाल्यावर बलभीमचा कळप दोन दिवस वाट चुकल्यासारखा जागच्या जागी फिरत होता, हे रामलिंगनं स्वतः पाहिलं. त्या मेंढीची लेक म्हणजे चांदी. अंगानं काळीभोर, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका. आता रामलिंगचा कळप तिच्या मागं चालायचा. तो तिच्याशी जेवढं बोलायचा तेवढं हरणाबाईशी बोलत नव्हता, असं हरणाबाईच म्हणायची.

औंदा पौषात उमरग्याजवळ मोठा रस्ता ओलांडताना एक ट्रक बलभीमच्या कळपात घुसला. एकतीस मेंढ्या जागच्या जागी गेल्या. बलभीम उरलेला कळप घेऊन बेंबळीच्या माळावर परत आला तेव्हा त्याला धड बोलता येत नव्हतं. मल्हारआबांनी सगळ्यांना फोन केले. प्रत्येकी तीन मेंढ्या, येत्या रविवारी, बलभीमच्या वाघरीपाशी. वाघर म्हणजे मेंढ्या कोंडायची जाळी, आणि मेंढक्याचं घर म्हणाल तर तीच.

रामलिंगनं दोन मेंढ्या तिथल्या तिथं निवडल्या. चांगल्या निवडल्या, हे त्याच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. तिसरीला त्याचा हात चांदीवर गेला आणि तिथंच अडला. चांदी व्यायला आली होती. पोट जमिनीला लागायला चार बोटं उरली होती. बलभीमनं आपल्याला काय दिलं होतं ते त्याला आठवलं, आणि आठवलं म्हणूनच तो चिडला. माणसाला उपकार आठवला की कधी कधी असाच राग येतो.

घरामागं लिंबाला एक मेंढी बांधलेली होती. बुधवारी बाजारात स्वस्तात पडली म्हणून त्यानं घेतलेली. स्वस्तातली वस्तू दिसली की रामलिंगचा पाय निघत नाही, हा त्याचा जुना रोग. नवं जनावर पंधरा दिवस कळपात मिसळायचं नाही, हा मेंढक्यांचा रिवाज, म्हणून ती वेगळी बांधलेली. उंचीला चांगली होती. पण डोळे ओले होते.

"ही दिऊ नगा," हरणाबाई म्हणाली. "हिचे डोळे बगा, नाक बगा."

"वारं लागलंय तिला."

"मग आपल्या कळपात का सोडली न्हाय?"

रामलिंगनं फडक्यानं तिचं नाक पुसलं, कपाळाला भंडारा लावला आणि तिन्ही मेंढ्या घेऊन निघाला. बलभीमनं त्या घेतल्या, एकाही मेंढीचं तोंड उघडलं नाही, आणि रामलिंगच्या गळ्यात पडून लहान पोरासारखा रडला. रामलिंगनं त्याच्या पाठीवर थोपटलं. त्या वेळी त्याला काय वाटलं असेल ते वाटो. दुसऱ्या दिवशी चांदी त्याच्या पुढं पुढं चालत होती, आणि त्याला बरं वाटत होतं.

नवव्या दिवशी फोन आला. बलभीमच्या मेंढ्यांच्या नाकातोंडातून पाणी गळत होतं, हगवण लागली होती, चार मेल्या होत्या. रामलिंग पोचला तेव्हा जनावरांच्या डॉक्टरबाई आलेल्या होत्या. तरणी पोर, पायात प्लास्टिकचे बूट, हातात मोजे. तिनं एका मेंढीचं तोंड उघडून आतले फोड दाखवले आणि म्हणाली, "बुळकांडी आहे. यांना लस टोचली होती?"

"शिबिर झालं तवा आमी चारणीला लांब हुतो," बलभीम म्हणाला.

"आजारी पडलेल्यांना आता लसीचा उपयोग नाही. पण हा रोग आला कुठून ते कळलं, तर पुढचे कळप वाचवता येतील. नवीन जनावर आणलं होतं का कुठून? बाजारातून वगैरे?"

रामलिंग तिच्यापासून चार पावलांवर उभा होता. सांगायचं तर हीच वेळ होती, आणि सांगणं किती सोपं होतं. एवढंच म्हणायचं, की बाई, मी आणलं.

"बाजाराचं काय न्हाय," बलभीम म्हणाला. "भावांनी बारा मेंढ्या दिल्या. त्या घरच्याच."

डॉक्टरबाईनं ते वहीत लिहिलंसुद्धा नाही. तिला वाटलं, सख्खे भाऊ असतील, एकाच घरचा कळप असेल. ती सुया टोचून, पत्ता घेऊन गेली. रामलिंग घरी आला, जेवला नाही, आणि हरणाबाईनं का जेवत नाही असं विचारलंही नाही. तिनं ताट झाकून ठेवलं आणि त्याच्याकडे नुसतं बघितलं. त्यापेक्षा तिनं चार शिव्या हासडल्या असत्या तर त्याला सोसलं असतं.

तीन दिवसांत आणखी नऊ मेंढ्या गेल्या. मरणाला कारण लागतं, आणि खरं कारण मिळालं नाही की माणूस हाताशी असेल ते कारण पकडतो. बलभीमच्या हाताशी पिराजीच्या शेळ्या होत्या. बेंबळीबाहेर ग्रामपंचायतीचा सिमेंटचा हौद आहे, त्याच्या पलीकडं पिराजी आणि सरुबाई राहतात. पिराजी बांधकामावर आयुष्य घालवून आता घरी बसलेला, लेक संघपाल धाराशिवला नोकरीला. घरी सात शेळ्या. त्या हौदावर पाणी प्यायच्या आणि बलभीमच्या मेंढ्याही तिथंच प्यायच्या. झालं. बलभीमच्या डोक्यात बसलं, की रोग शेळ्यांनी आणला.

"उद्या सकाळी जायचं," मल्हारआबांचा फोन आला. "पिराजीला सांगायचं, शेळ्या हौदावर आणायच्या न्हाईत. पाचीजणं जायचं."

"आबा, म्या न्हाय आलो तर चालंल का? हितं चांदी व्यायला..."

"रामलिंग," आबा म्हणाले, "एक गेला तर पाची जात्यात. तूच सांगत फिरतोस की जगाला."

सकाळी तो निघाला. दारात हरणाबाई उभी होती. ती म्हणाली, "जावा. भाऊच हायत की तुमचे." रस्ताभर त्यानं हिशेब मांडला. सांगावं तर भाऊ जातात. सव्वीस वर्षं ज्यांच्या नावावर तो छाती फुगवून चालला ते चौघं. न सांगावं तर पिराजीचं पाणी जातं, आणि रोग कुठं कुठं पोचेल ते खंडोबालाच ठाऊक. पिराजीचं पाणी गेलं तर गावची टाकी आहे, लेक कमावता आहे, त्याचं अडणार नाही, असंही त्यानं मनाशी म्हणून पाहिलं. म्हणताना लाज वाटली, आणि तरी दुसऱ्यांदा म्हणून पाहिलं.

पिराजी अंगणात खाटेवर बसला होता. पाच माणसं कपाळाला भंडारा फासून, हातात काठ्या घेऊन येताना दिसल्यावर सरुबाई घरातून बाहेर आली आणि शेळ्यांच्या आणि त्यांच्या मध्ये उभी राहिली. पिराजी उठला नाही.

"बसा म्हणलं असतं," तो म्हणाला, "पर तुमी बसायला आल्यागत दिसत न्हाई."

बलभीमनं भडाभडा सगळं ओकलं. मेंढ्या, हगवण, हौद, शेळ्या. पिराजीनं ऐकून घेतलं. पाण्यावरून कुणी हटकायला आलं, की त्याचा आवाज चढत नाही, खाली जातो. त्याच्या आज्यानं हे ऐकलं, बापानं ऐकलं, आणि आता ट्रॅक्टर-मोबाइलच्या जमान्यात पुन्हा त्याच्या अंगणात ऐकायला मिळत होतं.

"शेळ्यांच्या कानात बिल्ला हाय, बगा," तो म्हणाला. "पावसाळ्याआधी लस टोचलीया. डॉक्टरचा कागद घरात हाय. एक तरी शेळी शिंकली का? इचारा हिला."

"बिल्ला कुणीबी लावतंय," बलभीम म्हणाला आणि एक पाऊल पुढं आला. त्याची काठी जमिनीवरून उचलली गेली. सरुबाई हलली नाही. ईटच्या दोघांनी एकमेकांकडं पाहिलं.

"थांब," मल्हारआबा म्हणाले. म्हातारा रागीट खरा, पण न्यायाला पक्का. त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि मूठभर भंडारा तळहातावर घेतला. "पिराजी म्हणतो त्येच्या शेळ्या चांगल्या. बलभीम म्हणतो आपल्याकडं बाहेरचं जनावर न्हाय आलं. मग आपुन पाची जण भंडारा उचलू, की आमच्याकडनं रोग आला न्हाय. उचलला की पिराजीनं शेळ्या आवरायच्या. कबूल?"

पिराजी म्हणाला, "तुमचा देव, तुमचा भंडारा, अन् शेळ्या माज्या. उचला. खोटा कोण हे तुमच्या तोंडावर दिसंलच."

आबांनी आधी स्वतः उचलला. ईटच्या दोघांनी उचलला. बलभीमनंही नजर खाली घालून चिमूट घेतली. मग पिवळा तळहात रामलिंगपुढं आला.

रामलिंगनं हात पुढं केला. बोटं हळदीच्या इतकी जवळ गेली की तिचा वास आला. अणदूरला त्या दिवशी असाच वास होता. त्याला वाटलं, चिमूटभर तर घ्यायची आहे. बोटं मिटेनात. तो कितीतरी वेळ तसाच उभा राहिला, तरी मल्हारआबांनी हात मागं घेतला नाही.

"रामलिंग," आबा म्हणाले. "उचल."

"न्हाय उचलत," रामलिंग म्हणाला. "माझी तिसरी मेंढी बाजारातली हुती."

मल्हारआबांनी भंडाऱ्याची मूठ मिटली.

"बाजारातली," बलभीम म्हणाला. मग त्यानं एकच प्रश्न विचारला, आणि मेंढक्यानंच विचारावा असा विचारला. "येगळी बांधली हुती का?"

"व्हय."

"किती दिस?"

"चार."

म्हणजे रामलिंगला ठाऊक होतं. पुढं विचारायला काही उरलं नव्हतं. बलभीमची काठी खाली आली. तो तिथंच मातीत बसला आणि जमिनीकडं बघत म्हणाला, "पयली तीच मेली. तिसऱ्या दिवशी. कानाची खूण आपल्या पाचांतल्या कुणाची नव्हती. म्या बघितली अन् बघितली न्हाय असं केलं. गुपचूप पुरली. डॉक्टरबाईला सांगितलं न्हाय, आबाला न्हाय. भावाची मेंढी मेली असं कसं बोलायचं? मग म्या म्हणलं, शेळ्यांचंच लागलं आसंल तिला."

यावर पिराजी पहिल्यांदा खाटेवरून उठला.

"म्हंजे भावाचं तोंड झाकायला माज्या शेळ्या," तो म्हणाला.

मल्हारआबांनी हात जोडले. भंडारा त्यांच्या बोटांतून खाली सांडला. "चुकलं आमचं. हौद तुमचाबी हाय."

"हाय त्ये मला ठाऊक हाय. तुमी सांगायची गरज न्हाई. डॉक्टरीणबाईला फोन करा आदी. आन् माज्या अंगणातनं निघा."

फोन रामलिंगनंच लावला. डॉक्टरबाईनं त्याला शिव्या दिल्या नाहीत. कोणता बाजार, कोणता वार, विकणारा कुठला, एवढंच तिनं विचारलं, आणि दुपारच्या आत लसीचा डबा घेऊन ती माळावर हजर झाली. आजूबाजूचे आठ कळप टोचून झाले. त्या बाजारातून जनावरं नेलेले आणखी दोघं सापडले. बलभीमच्या मात्र आणखी आठ गेल्या. ट्रकनं एकतीस नेल्या होत्या, भावाच्या एका मेंढीनं एकवीस.

रामलिंगला वाटलं होतं, आपल्याला काढून टाकतील. आठ दिवस तो वाट बघत राहिला, आणि खरं सांगायचं तर त्याला ते हवंसुद्धा होतं. शेवटी तोच मल्हारआबांकडं गेला.

"काढत्यात कसं?" आबा म्हणाले. "भंडारा उचलला म्हंजे उचलला. तू भाऊच हायस. आता तसाच राहून दाखव."

काढून टाकलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला परत येताना वाटेत वाटलं. एसटीच्या थांब्यावर कुणीतरी हाक मारून विचारलं, "काय रामलिंग, भाऊ काय म्हणत्यात?" तो थांबला नाही.

शिमगा झाल्यावर डॉक्टरबाईनं सांगितलं, की आता बलभीमच्या वाघरीत नवं जनावर टाकायला हरकत नाही. चांदी तेव्हा व्याली होती, कोकराच्या कपाळावरही तिच्यासारखाच ठिपका होता. हरणाबाईनं स्वतः तिच्या गळ्यात दोरी घातली. रामलिंग तिला आणि कोकराला घेऊन निघाला. घरचा कळप वाघरीच्या जाळीला भिडून ओरडत होता. वाटेत पिराजीचं घर लागलं. शेळ्या हौदावर पाणी पीत होत्या. पिराजी खाटेवर होता. रामलिंगनं रामराम घातला. पिराजीनं मान हलवली, की नाही हलवली, ते त्याला नीट कळलं नाही, आणि दुसऱ्यांदा बघायची हिंमत झाली नाही.

मल्हारआबा आणि ईटचे दोघे आधीच येऊन बसले होते. रामलिंगनं चांदीच्या कपाळाला भंडारा लावला आणि दोरी बलभीमपुढं धरली. हात कापल्यागत दुखतंय म्हणजे काय, ते त्याला सव्वीस वर्षं बोलून जे कळलं नव्हतं ते आता कळलं. त्यानं डोळे पुसले नाहीत.

"तुझ्याच मेंढीची लेक हाय," तो म्हणाला.

बलभीमनं दोरी घेतली नाही. तो चांदीजवळ आला, तिच्या पाठीवरून हात फिरवला, कानाची खूण बघितली. मग खाली उकिडवा बसला आणि तिची पापणी ओढून डोळा पाहिला. चांदीला असल्याची सवय नव्हती, ती मान झटकायला लागली. बलभीमनं तिच्या जबड्याला हात घातला, तो दोनदा सुटला. मल्हारआबांनी मान दुसरीकडं वळवली.

रामलिंग गुडघ्यावर बसला. त्यानं चांदीची मान काखेत धरली, दोन्ही अंगठे तिच्या ओठांत घातले आणि जबडा उघडून दिला. बलभीमनं एकेक दात बघितला. हिरड्या बघितल्या, जिभेखाली बघितलं. घाई केली नाही.

"दात पुरे जुळल्यात," तो म्हणाला. "चांगली हाय." आणि दोरी घेतली.

सव्वीस वर्षांत भावाच्या मेंढीचं तोंड उघडलं गेलं ते त्या दिवशी, आणि उघडून धरणारे हात रामलिंगचेच होते.